कुरोचं नवं नाव

३ मार्च

आज निवाऱ्यात एक कुत्रा सोडून गेले. गेले म्हणजे एकटीच बाई आली होती, नाकातोंडावर मास्क, मनगटावर बँडेज. नाश्त्याच्या दुकानातली सून. कुत्रा सोडायला येणारे सगळे मास्क लावूनच येतात, हवेत धूळ असो नसो.

काळा, मध्यम चणीचा, सहा वर्षांचा. नाव कुरो. तीनदा चावलेला: अंडी पोचवणाऱ्याला, सासऱ्याला आणि हिला.

"का चावला?" मी विचारलं. फॉर्मवर तसा रकाना आहे.

"असंच."

"असंच म्हणजे?"

"असंच हो ताई. लिहा ना, असंच."

मी लिहिलं. सही करून ती फाटकापर्यंत गेली, परत वळली आणि हळूच म्हणाली, "टेबलाखाली असला की त्याला हात घालू नका." मग स्कूटरला किक मारून गेली. कुत्रा तोवर माझ्याच टेबलाखाली जाऊन बसला होता. दुपारभर मी पाय खुर्चीवर घेऊन काम केलं.

निवारा ल्वान ताईंचा. त्यांनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "तीन चावे? मागची रांग."

हल्ली कुत्र्यांना सुई टोचून मारत नाहीत, ही चांगली गोष्ट आहे. पण मागच्या रांगेत गेलेला कुत्रा तिथंच म्हातारा होतो. कुत्रा न्यायला येणारी माणसं तिथवर पोचतच नाहीत. पुढच्या रांगेतली पिल्लं बघून त्यांचं मन भरतं.

६ मार्च

ल्वान ताईंशी वाद घातला. थडगी झाडायच्या सणापर्यंत, म्हणजे अजून महिनाभर, कुरोला पुढं ठेवायचं कबूल करून घेतलं. तोवर कुणी नेला तर नेला, नाही तर मागं.

"तुला काय एवढा पुळका?" त्या म्हणाल्या.

पुळका नाही. स्क्रूच्या कारखान्यात तीस वर्षं पॅकिंग केलं, पुळका येण्याइतकी मी हळवी नाही. पण कुणाला तीनदा राग आला म्हणून जन्मभर त्याच्या कपाळावर तेच लिहायचं, हे मला पटत नाही. माणसं काय, कुत्री काय, बदलतात.

९ मार्च, रविवार

पेई-च्युन आली होती, नातीला, न्यूनूला घेऊन. लेक आली की घर भरल्यासारखं वाटतं आणि अर्ध्या तासात काहीतरी बिनसतं. आज वरच्या फळीवरचं ताट काढायला मी हात उचलला, तर बाजूला उभी असलेली पेई-च्युन एकदम मान आत घेऊन मागं सरकली. तेहेतीस वर्षांची बाई. लहानपणापासून अशीच दचकणारी आहे, कुणावर गेलीय कोण जाणे.

तिला बाजारात जायचं होतं. मी म्हटलं, न्यूनूला ठेव माझ्याजवळ, उन्हात कशाला नेतेस? "नको, नेते तिला," म्हणाली. चार वर्षांत एकदाही पोरीला तासभर माझ्याकडं सोपवलं नाही. मी काय खाणार आहे का तिला?

१२ मार्च

कुरोला घेऊन वू मास्तरांकडे गेले. घेऊन म्हणजे फोटो घेऊन. मास्तर माणसांची नावं बदलून देतात, अक्षरातल्या रेघा मोजून. पण दुकानांची, मोटारींचीही देतात, मग कुत्र्याचं का नाही? माझं नाव त्यांनीच दिलं. बेचाळीस वर्षांची होईपर्यंत मी लि-ह्वा होते. त्या लि-ह्वाचं काहीच धड झालं नाही. नवरा सोडून गेला, डोकं सतत तापलेलं. मग युन-शी झाले, ओळखपत्रावर आणि कारखान्याच्या वहीतसुद्धा. तेव्हापासून शांत आहे. आता लि-ह्वाचं नाव घरात कुणी काढत नाही.

मास्तरांनी कुत्र्याला नाव दिलं पिंगआन, म्हणजे सुखरूप. म्हणाले, नाव मुरायला एकोणपन्नास दिवस लागतात. तोवर जुन्या नावानं हाक मारायची नाही, जुनं काही उकरायचं नाही. नाही तर जुनं नशीब वळून बघतं. मलाही तेव्हा हेच सांगितलं होतं.

निवाऱ्यात येऊन मी त्याची जाहिरात लिहिली. ‘पिंगआन. सहा वर्षे. स्वभाव शांत, थोडा लाजरा.’

ल्वान ताईंनी चष्म्यावरून बघितलं. "आणि चावे?"

"ते कुरोचे. हा पिंगआन."

त्या हसल्या. जागा त्यांनाही हवीच आहे, पुढच्या रांगेत एकेका पिंजऱ्यात दोन-दोन कुत्री आहेत. "तुझ्या जबाबदारीवर हं," एवढंच म्हणाल्या.

१३ मार्च

दिवसभर पिंगआन, पिंगआन करून घसा बसला. कानसुद्धा हलवत नाही. होईल सवय.

१९ मार्च

आज एकदम मनासारखा माणूस आला. हूंग नावाचे, वय एकाहत्तर, जांबांची बाग आहे. बायको जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा काओशुंगला असतो, दर आठवड्याला येतो आणि बापाला ‘शहरात चला’ म्हणून डोकं खातो. "कुत्रा असला की म्हणता येतं, याला सोडून कसा येऊ," हूंग दादा म्हणाले. लबाड म्हातारा. मला आवडला.

पिल्लांकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. पिंगआनच्या पिंजऱ्यासमोर तिरके उकिडवे बसले, हात स्वतःच्या गुडघ्यांवर, आणि बराच वेळ भलतीकडंच बघत राहिले. शेवटी पिंगआनच उठून जाळीपाशी आला.

"काही खोड?" त्यांनी विचारलं.

"लाजरा आहे."

"लाजरा असलेला बरा. मीही तसाच आहे."

टेबलाखालचं ओठांवर आलं होतं. पण आज फक्त सातवा दिवस, नाव अजून मुरलेलं नाही. आणि सांगितलं असतं तर ते उठून गेले असते, हेही खरं. दोन्ही कारणं लिहून ठेवते. पहिलं जास्त खरं आहे.

फाटकातून गाडी गेली तेव्हा इतकं हलकं वाटलं की येताना स्वतःसाठी बदकाचं मटण आणलं.

२४ मार्च

हूंग दादांचा फोन. सगळं ठीक. जेवतो, बागेत मागं मागं हिंडतो, जेवणाच्या टेबलाखाली झोपतो.

"एक विचारायचं होतं," म्हणाले. "हा बहिरा आहे का हो? किती हाका मारल्या तरी ढिम्म."

काय सांगणार? "असेल थोडाफार," म्हटलं.

"तरीच. मग काही नाही, हलकेच हात लावून उठवत जाईन."

फोन ठेवल्यावर जरा चुटपुट लागली. परत लावावा असं वाटलं, लावला नाही. माणूस प्रेमळ आहे, कुत्र्याला ते कळतं.

२८ मार्च

चावला.

मुलाचा फोन आला. म्हणजे हूंगांचा मुलगा, कुओ-तुंग. सकाळी न्याहारी तयार झाली, कुत्रा टेबलाखाली झोपलेला, वडिलांनी त्याला उठवायला पाठीवर हात ठेवला. उजव्या हाताला सात टाके. "तुम्ही शांत म्हणून लिहिलंत," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता आलं असतं.

ल्वान ताईंनी गाडी दिली, मी आणायला गेले. कुत्रा जांबाच्या झाडाला बांधलेला, मान खाली. हूंग दादा ओसरीत, हात बांधलेला. मी वाकून वाकून माफी मागितली. ते म्हणाले, "जाताना त्याला पाणी पाजा, सकाळपासून प्यायलेला नाही." बस, एवढंच.

आता मागची रांग. चार चावे झाले. ल्वान ताई दिवसभर भांडी आपटत होत्या.

२९ मार्च

काल मनात मास्तरांना, हूंगांच्या मुलाला, नाश्त्याच्या दुकानातल्या बाईला, सगळ्यांना दोष देऊन झाला. आज उरलेय मी. बहिरा आहे म्हणून मी सांगितलं. बहिरा वाटला नसता तर त्यांनी हात लावलाच नसता, हाक मारली असती. आणि हाक मारायला त्यांच्याजवळ जे नाव होतं ते कुत्र्याचं नव्हतंच.

३० मार्च

नाश्त्याच्या दुकानात गेले. गर्दी ओसरेपर्यंत अंड्याची पोळी आणि सोयाबीनचं दूध घेऊन बसले. सासरा गल्ल्यावर, सून तव्यावर. ती मला ओळखून पांढरी पडली. मागच्या बोळात आली, हात पुसत.

"परत आणलाय का त्याला?"

"नाही. पण परत चावला. का चावतो ते मला सांग. असंच म्हणू नकोस."

तिनं बोळातली भाज्यांची पेटी पायानं भिंतीकडं सरकवली. मग म्हणाली, "पहाटे दुकान उघडलं की मामंजी फरशी पुसायच्या दांड्यानं त्याला टेबलाखालून हुसकायचे. रोज. झोपेत असायचा हो. आधी नुसता ढोसायचे, मग मारायलाच लागले." अंडीवाल्यानं टेबलाखाली पडलेली पावती घ्यायला हात घातला, तेव्हा पहिला चावा. दुसरा सासऱ्याला. तिसरा हिला, त्याला हातानं धरून बाहेर ओढताना.

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"घरातल्या मोठ्या माणसाचं असं बाहेर कसं सांगायचं, ताई? तुम्ही सांगितलं असतं?"

मी निघायला वळले. ती म्हणाली, "तुम्ही मला शिव्या दिल्यात तरी चालेल. पण हाक मारली की तो स्वतःहून यायचा बाहेर. मी मारायचे तेव्हा यायचा. त्या दिवशी माझ्या हातात तवा होता, घाई होती."

१ एप्रिल

हूंग दादा एका हातानं स्कूटर चालवत निवाऱ्यात आले. माझ्या टेबलासमोर बसले आणि पहिला प्रश्न: "त्याचं खरं नाव काय?"

आज विसावा दिवस. एकोणपन्नास व्हायला अजून बराच अवकाश.

"कुरो," मी म्हटलं.

ते उठून मागच्या रांगेकडं गेले. मी मागोमाग. तो शेवटून तिसऱ्या पिंजऱ्यात, भिंतीकडं तोंड करून पडलेला. हूंग दादा रांगेच्या या टोकाला थांबले आणि घरातल्या माणसाला जेवायला बोलवावं तसं, साध्या आवाजात म्हणाले, "कुरो."

तो उठून उभाच राहिला. शेपटी एकदा इकडं, एकदा तिकडं.

"म्हणजे कान शाबूत आहेत," हूंग दादा म्हणाले.

मग मी सांगितलं. बोळातलं, दांड्याचं, तीन चाव्यांचं आणि फोनवरच्या माझ्या खोट्याचंही. उभ्या उभ्याच सांगितलं, कारण बसले असते तर रडले असते.

"बाई," ते म्हणाले, "चावला त्याचं मला काही वाटत नाही. चाळीस वर्षं बागेत आहे, गांधीलमाशीनं मला त्याच्यापेक्षा जास्त चावलंय. पण नऊ दिवस मी त्याला बहिरा समजत होतो. तो बिचारा मला काय समजत असेल?"

ते त्याला परत न्यायला तयार आहेत. मुलगा तयार नाही. मुलगा म्हणतो, कोणाला, कधी, कुठं, का, सगळं कागदावर हवं, खाली सही हवी, मग बघू. शनिवारपर्यंत नाही मिळालं तर तो वडिलांना काओशुंगलाच घेऊन जाणार. म्हातारा एक हात घेऊन एकटा राहतोय, मुलाचंही चुकत नाही.

२ एप्रिल

ल्वान ताई चिडल्या. "असा कागद निवाऱ्याच्या नावानं बाहेर गेला, तर उद्या प्रत्येक जण प्रत्येक कुत्र्याचा कागद मागेल. मग चावलेला एकही जाणार नाही. तुला तेच हवंय का?"

त्यांचंही बरोबर असू शकेल. मला माहीत नाही. पण मी लिहिला.

‘कुत्र्याचे नाव कुरो. चार वेळा चावला आहे.’ पुढं एकेक, माणूस, जागा, कारण. पहिले तीन भरभर लिहून झाले. चौथ्यापाशी थांबले. आधी लिहिलं, ‘गैरसमजामुळे.’ खोडलं. ‘अपुऱ्या माहितीमुळे.’ खोडलं. मग लिहिलं, ‘माहिती असून मी सांगितली नाही. कुत्रा बहिरा आहे असे मी खोटे सांगितले. त्यामुळे हूंग यांनी झोपलेल्या कुत्र्याला हात लावला.’ आणि शेवटी, ‘टेबलाखाली असताना हात किंवा काठी घालू नये. नावाने हाक मारावी आणि थांबावे. तो येतो.’

सही केली. ल्वान ताईंनी वाचून निवाऱ्याचा शिक्का मारला, पण माझ्याकडं न बघता. "यापुढं जाहिराती मी लिहीन. तू पिंजरे धू." ठीक आहे.

४ एप्रिल

थडगी झाडायला डोंगरावर. पेई-च्युन, न्यूनू आणि मी. आईच्या थडग्यावर गुडघाभर गवत. मी कोयत्यानं कापत होते, घाम पुसायला हात वर केला, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं की पेई-च्युननं न्यूनूला स्वतःच्या मागं घेतलंय. बोलता बोलता, हसता हसता. तिला स्वतःलाही कळलं नसावं.

एरवी मी म्हटलं असतं, कोयता असल्यामुळे घेतलं असेल. आज कोयता खाली ठेवला आणि तरीही न्यूनू तिच्या मागंच होती.

वाटेत मी तिला कुरोबद्दल सांगितलं होतं. घरी येऊन जेवताना न्यूनू म्हणाली, "आजी, कुत्रा का चावला?" मी सांगितलं, त्याला झोपेत काठीनं मारायचे. पेई-च्युन संत्रं सोलत होती. सोलायची थांबली, मग परत सोलायला लागली. नंतर बाजारात जाताना न्यूनूला घेऊन गेली. या वेळी मला राग आला नाही. मी तिच्या जागी असते तर मीही ठेवलं नसतं.

५ एप्रिल, शनिवार

हूंग दादांच्या घरी कुरोला घेऊन गेले. कुओ-तुंगनं कागद तीनदा वाचला. चौथ्या चाव्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे तुम्ही स्वतःच लिहिलंत?"

"हो."

"लिहायची सक्ती कुणी केली?"

"तुम्हीच तर सगळं मागितलंत."

मग त्यानं शंभर प्रश्न विचारले. बाबा विसरले तर? अंधार असला तर? बागेतल्या मजुरांना कोण सांगणार? मला येत होती तेवढी उत्तरं दिली, बाकीच्यांना ‘माहीत नाही’ म्हटलं. मध्येच कुरो टेबलाखाली गेला आणि आम्ही तिघंही बोलायचे थांबलो.

हूंग दादा खुर्चीतच बसून राहिले. "कुरो," म्हणाले, आणि थांबले. काही झालं नाही. कुओ-तुंगनं तोंड उघडलं, तर बापानं बांधलेला हात वर करून त्याला गप्प केलं. थांबलो. कपातला चहा निवाला. मग टेबलाच्या कडेखालून एक काळं नाक आलं, मग सगळा कुत्रा, आणि हूंग दादांच्या पायापाशी येऊन बसला. त्यांनी तरीही हात लावला नाही. कुरोनंच डोकं त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं.

कुओ-तुंग उठला, चिकटपट्टी शोधून आणली आणि तो कागद स्वयंपाकघराच्या दाराशी, सगळ्यांना दिसेल असा लावला. "एक महिना," बापाला म्हणाला. "दर शनिवारी येऊन बघणार."

"ये की. जांब काढायला माणूस लागतंच," हूंग दादा म्हणाले.

१३ एप्रिल, रविवार

हे लिहायला मन होत नाही. तरी लिहिते.

पेई-च्युन आली. न्यूनू बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत होती. पेई-च्युन लसूण सोलत होती. मी तिच्यासमोर बसले, दोन्ही हात टेबलावर ठेवले, तिला दिसतील असे, आणि म्हटलं, "पेई-च्युन, मी तुला मारायचे. तू पहिलीत होतीस तेव्हापासून. तारेच्या हँगरनं. एकदा वहीत शाई सांडली म्हणून, एकदा बाबांना फोन केलास म्हणून. दोन दिवस शाळेत पाठवलं नव्हतं, पायावरचे वळ दिसू नयेत म्हणून. मी नाव बदललं आणि मनाला सांगितलं की ती दुसरी कुणीतरी होती. दुसरी कुणी नव्हती. मीच होते."

तिनं मान वर केली नाही. लसूण सोलत राहिली, सोललेलीच पाकळी परत परत चोळत. टीव्हीवर कुठलंतरी गाणं लागलं, संपलं.

मला तिची माफी हवी होती, हे खरं आहे. मागितली नाही. थांबले.

मग ती म्हणाली, "हँगर नंतर आला, आई. त्याच्या आधी झाडू होता."

मला झाडू आठवत नव्हता. तिला तसं सांगितलं. तिनं मला सांगितलं, कुठल्या घरात, कुठल्या कोपऱ्यात, अंगात कुठला फ्रॉक होता. आणखी एक सांगितलं, तेही मला आठवत नव्हतं. त्यात मी मारलंच नव्हतं, नुसता हात वर केला होता, आणि ती जेवणाच्या टेबलाखाली जाऊन संध्याकाळपर्यंत बसली होती.

"मी हाक मारली का तुला?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली.